डोळ्याखालची फूट

काटोल तालुक्यात संत्र्याचं झाड म्हणजे जंभेरीच्या खुंटावर भरलेला डोळा, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. डोळ्याच्या खाली खुंटाला स्वतःची फूट येते आणि ती दिसली की बागायतदार लगेच काढतो. नाही काढली तर खत-पाणी त्याचं आणि झाड जंभेरीचं. एवढी जाण असलेल्या घरांत दहावी झालेल्या पोरीसाठी नागपूरहून, सीताबर्डीवरून लॅपटॉप येतो, तेव्हा मात्र डोळ्याखालची फूट हीच कंपनीची कृपा समजून तिला जपलं जातं. मशीन पहिल्यांदा सुरू होतं आणि आत मंडळी आधीच बसलेली असतात. महिनाभर फुकट राखण करणारा अँटिव्हायरस असतो, उघडल्यावर वर्गणी मागणारं ऑफिस असतं, पत्ते आणि गोळ्या-चॉकलेटचे खेळ असतात, शिवाय ‘मी तुमची मदत करू का’ म्हणत दर दोन दिवसांनी उगवणारा कंपनीचा सेवक. यांतलं पोरीने काय मागितलं होतं? काहीच नाही. बापाने मात्र या सगळ्या गोतावळ्यासकट १८ टक्के जीएसटी भरलेला असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की जे काढता येत नाही ते आपण विकत घेतलेलं नसतं, आपल्यावर बसवलेलं असतं. आणि काढू नये म्हणून किती कष्ट घेतले जातात, ते फुकटचा अँटिव्हायरस काढायला बसलं की कळतं. ‘ठेवा’ हे बटण हिरवंगार आणि ठसठशीत, ‘काढा’ हे करड्या अक्षरांत, चष्मा लावून शोधावं असं. ते सापडलं की ‘तुमचा संगणक असुरक्षित होईल’ अशी लाल पाटी येते. मग का काढता याची चौकशी, मग निम्म्या किमतीची ऑफर, मग मशीन बंद करून पुन्हा चालू करा. एवढं करूनही एखादी शेपटी मागे राहते आणि ती साफ करायला कंपनीच्याच संकेतस्थळावरून वेगळं अवजार उतरवावं लागतं. बसायला परवानगी लागली नव्हती, उठायला मात्र पाच अर्ज.

यावर दुकानदारापासून तज्ज्ञापर्यंत सगळ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, की या जाहिरातबाजीच्या पैशांमुळेच लॅपटॉप स्वस्त पडतो. पटण्यासारखं आहे, फक्त पुरावा उलटा आहे. लेनोवोने २०१४च्या उत्तरार्धात आपल्या घरगुती लॅपटॉपांत सुपरफिश नावाचं सॉफ्टवेअर घालून दिलं. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यात कुलूपबंद चालणारा संवाद, बँकेचासुद्धा, ते मध्येच उघडायचं आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवायचं. हेतू काय, तर पानांत जाहिराती घुसवणं. त्यासाठी त्याने विंडोजच्या विश्वासू यादीत स्वतःचं प्रमाणपत्र बसवलं होतं आणि त्याची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपांत एकच होती. म्हणजे एका मशीनमधून किल्ली काढली की गावभर कुलपं उघडी. प्रोग्राम काढला तरी प्रमाणपत्र मागेच राहायचं. फेब्रुवारी २०१५मध्ये प्रकरण फुटलं आणि ते काढून टाका असं अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेलाच सांगावं लागलं. २०१७मध्ये ३२ राज्यांशी तडजोड होऊन ३५ लाख डॉलर भरावे लागले. गंमत पुढेच आहे. या व्यवहारातून आपल्याला फारसा पैसा मिळत नव्हता, असं कंपनीने स्वतःच सांगितलं होतं. मग गिऱ्हाइकाला स्वस्त काय पडलं, बाप्पा?

दुसरा आक्षेप जाणत्या पोरांचा असतो: फॉरमॅट मारा, कोरी विंडोज टाका, एवढं काय रडता. २०१५मध्येच त्याचंही उत्तर मिळालं. त्याच कंपनीच्या काही मशीनांत एक प्रोग्राम मदरबोर्डवरच्या बायोसमध्ये होता. डिस्क पुसा, विंडोज नव्याने टाका, मशीन सुरू झालं की तो हजर. ही वाट मायक्रोसॉफ्टनेच विंडोजमध्ये ठेवलेली होती, चोरीला गेलेल्या लॅपटॉपचा माग काढता यावा यासारख्या सत्कार्यासाठी. बोभाटा झाल्यावर कंपनीने तो बंद करण्याची सोय दिली. पण ज्याला बायोस म्हणजे काय हे माहीत नाही, त्याने ती सोय शोधायची कुठे?

सरकार आपल्या बाजूने आहे असं समजणाऱ्यांनी जरा थांबावं. उत्तर प्रदेशात २०१३मध्ये विद्यार्थ्यांना फुकट लॅपटॉप वाटले गेले, तेव्हा पडद्यावर मुलायमसिंह आणि अखिलेश यांचे फोटो आधीच बसलेले होते आणि ते हटवायला गेलं की मशीन बिघडतं, अशा बातम्या आल्या होत्या. फोनच्या बाबतीत तर दिल्लीनेच कमाल केली. २८ नोव्हेंबर २०२५च्या आदेशाने दूरसंचार खात्याने नव्या फोनमध्ये संचार साथी हे अ‍ॅप आधीच घालून द्या, त्याचं काम बंद पाडता येऊ नये, असं कंपन्यांना फर्मावलं. ओरड झाल्यावर मंत्र्यांनी सांगितलं, नको असेल तर काढा. ३ डिसेंबरला सक्तीच मागे घेतली आणि कारण दिलं की अ‍ॅपला लोकांची पसंती वाढते आहे. लोकांना आवडतं म्हणून सक्ती नको, हे शहाणपण पाच दिवस आधी सुचलं असतं तर कागद वाचला असता. न्यायाधिकरणाची कथाही अशीच. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२मध्ये गुगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला आणि आधीपासून बसवलेली अ‍ॅप काढू द्या असंही बजावलं. मार्च २०२३मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काढू देण्याचा हुकूम मात्र रद्द केला. पैसे खजिन्यात, अ‍ॅप तुमच्या खिशात.

एक आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. काढायची मोकळीक दिली तर कोणी ड्रायव्हर काढेल, कोणी विंडोजची स्वतःची राखण बंद करेल आणि मग पोरीचा प्रवेश अर्ज शेवटच्या दिवशी अडकेल. म्हणून मशीन चालायला जे लागतं ते राहू द्या. पण पत्त्यांचा खेळ मशीन चालायला लागत नाही. हे वेगळं करता येतं, हे युरोपात सिद्ध झालंय: तिथल्या डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे २०२४पासून मायक्रोसॉफ्टला आपला एज ब्राउझरसुद्धा काढू द्यावा लागतो. तंत्र तेच, विंडोज तीच, फक्त गिऱ्हाईक युरोपातलं हवं. आपल्याकडे पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा, साखर, पामतेल सगळं छापायची सक्ती आहे. चाळीस हजारांच्या लॅपटॉपच्या खोक्यावर आत काय भरलंय आणि त्यातलं काय काढता येत नाही, याची ओळसुद्धा नाही. ग्राहक व्यवहार खात्याने ही एक ओळ छापायला लावावी. त्यासाठी नवं अ‍ॅप काढण्याची गरज नाही.

तोवर पालकांनी एक करावं. दुकानात पैसे मोजण्याआधी मशीन सुरू करायला लावा, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सची यादी उघडायला लावा आणि नको ते तिथेच काढून घ्या. बिल त्यानंतर.