शेवटचा ज्ञात पत्ता यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत शेवटचा ज्ञात पत्ता,
मुक्काम इंग्लंड व वेल्स.

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, इंग्लंडच्या दिवाणी न्यायालयांत आपल्याइतकं वजन दुसऱ्या कुणाला नाही आणि तरीही आपला जाहीर सत्कार आजवर झालेला नाही. मंत्री बदलतात, न्यायाधीश बदलतात, भाडेकरू तर सारखेच बदलतात. आपण मात्र जागचे हलत नाही. तिथल्या दिवाणी प्रक्रिया नियमावलीच्या सहाव्या भागातल्या नवव्या नियमात आपल्याला मानाचं पान वाढलेलं आहे: प्रतिवादी सध्या कुठे राहतो हे वादीला ठाऊक नसेल, तर त्याच्या शेवटच्या ज्ञात पत्त्यावर दाव्याचे कागद धाडले तरी चालतात. पाकीट पहिल्या वर्गाच्या टपालाने टाकलं की कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी समन्स बजावलं गेलं असं मानायचं. सही नको, पोच नको. पाकीट कुणी फोडलं की पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर थेट कचऱ्यात गेलं, हे कोर्ट त्या घडीला विचारत नाही.

आपल्याकडे दिवाणी कोर्टाचा बेलीफ निदान दारापर्यंत येतो, कुणी भेटलं नाही किंवा घ्यायला तयार नसेल तर समन्स दाराला डकवतो आणि तसा अहवाल देतो. शेजारपाजाऱ्यांना आयती बातमी मिळते आणि ती प्रतिवादीपर्यंत बहुधा समन्साच्या आधीच पोचते. इंग्लंडात दाराच्या फटीतून पाकीट पायपुसण्यावर पडतं, एवढाच सोहळा.

आपला पराक्रम वाचकांना कळावा म्हणून एक उदाहरण रचून सांगणं भाग आहे. समजा, नाशिकची एक नर्स स्लाऊमध्ये खोली घेऊन राहते आणि तिथल्या दुकानांच्या आवारात गाडी लावते. परवानगी दोन तासांची असते आणि बाईंना थोडा उशीर होतो. कॅमेऱ्याने नंबरप्लेट टिपलेली असते. पार्किंग चालवणारी खासगी कंपनी वाहन नोंदणी खात्याकडून अडीच पौंडांत मालकाचं नाव आणि पत्ता विकत घेते. पत्ता अर्थातच आपण. बाई तोवर लेस्टरच्या रुग्णालयात रुजू झालेल्या असतात. त्यांनी ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता बदललेला असतो, पण गाडीच्या नोंदणीपत्रावरचा पत्ता वेगळा बदलावा लागतो, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नसतं. एकच खातं, दोन नोंदी. एकीची खबर दुसरीला नसते.

पुढचा हिशेब पाहण्यासारखा आहे. पार्किंगचा आकार १०० पौंड. तो भरला नाही म्हणून ‘वसुली खर्च’ ७० पौंड. दावा तीनशे पौंडांच्या आतला, म्हणून कोर्टाची फी ३५ आणि वकिलाचा ठरीव खर्च ५०. सगळे मिळून २५५. दावा नॉर्थॅम्प्टनच्या केंद्रातून निघतो, जिथून असे दावे गठ्ठ्यांनी निघतात. समन्स बजावल्यापासून चौदा दिवसांत उत्तर आलं नाही की वादीने एक विनंती करायची आणि एकतर्फी निकाल हाती घ्यायचा. ठरावीक रकमेच्या दाव्यात हे काम निव्वळ कार्यालयीन असतं. मजकूर न्यायाधीशांच्या नजरेखालून जावा लागत नाही. या निकालाला तिकडे सगळे ‘सीसीजे’ म्हणतात, काउंटी कोर्ट जजमेंट. सीसीजेचं पाकीटही अर्थातच आपल्याच दारी येतं.

मग नोंद होते. कर्जनिकालांची ही जाहीर नोंदवही १८५२ पासूनची आहे आणि सध्या ती रजिस्ट्री ट्रस्ट नावाची विनानफा कंपनी सरकारसाठी सांभाळते. नोंद सहा वर्षं राहते. निकालाच्या तारखेपासून महिन्याभरात सगळी रक्कम भरली तर ती पुसली जाते. त्यानंतर भरली तर ‘फेड झाली’ असा शेरा मिळतो, पण नोंद तिथेच बसून राहते. महिन्याची ही सवलत दयाळूपणाचीच आहे, फक्त ती सांगणारं पत्रही आपल्याकडे येतं. बाई लेस्टरला, पत्र स्लाऊला आणि महिना कॅलेंडरवर, असे तिघे तीन वाटांनी जातात.

इथवर आपला मोठेपणा निर्विवाद आहे. खरा चमत्कार मात्र यापुढे घडतो, आणि त्याचं श्रेय आपण एकट्याने घेऊ नये. एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या तीन कंपन्या लोकांची पत नोंदवतात. आपल्याकडच्या सिबिलच्या या तिकडच्या बहिणी. बँकखातं, मोबाइलचं बिल, मतदारयादी यांच्या आधारे त्या माणसाचे जुने आणि नवे पत्ते एकमेकांना जोडून ठेवतात. त्यामुळे स्लाऊच्या पत्त्यावरचा निकाल लेस्टरच्या बाईंच्या नावावर बिनचूक चढतो. दावा कळवायला बाईंचा ठावठिकाणा लागत नव्हता. ठपका ठेवायला तो तत्काळ लागला. गृहकर्जाचा अर्ज फेटाळला जातो, घरमालकाचा एजंट भाडेकराराला नाही म्हणतो, तेव्हा कुठे बाईंना समजतं की आपल्यावर खटला भरला गेला, चालला आणि आपण तो हरलोसुद्धा!

आता ही नोंद काढायची कशी? त्यासाठी ‘एन २४४’ नावाचा अर्ज आहे. त्याच्या तिसऱ्या रकान्यात विचारलेलं असतं की, तुम्हाला न्यायालयाकडून कोणता आदेश हवा आहे आणि का. ‘का’साठी जागा तोकडी. म्हणून बाईंनी निवेदन वेगळ्या कागदावर लिहायचं, खाली सत्यतेची ग्वाही देऊन सही करायची आणि स्लाऊ कधी सोडलं याचे पुरावे जोडायचे: लेस्टरचा भाडेकरार, काउन्सिल टॅक्सचं बिल, पगाराची स्लिप. हव्या असलेल्या आदेशाचा मसुदाही सोबत दिलेला बरा. आणि फी. मे २०२४ मध्ये ती ३०३ पौंड झाली. २५५ पौंडांच्या दाव्यात ‘मला कुणी विचारलंच नाही’ एवढं म्हणण्याची तेव्हाची किंमत ३०३ पौंड! पोटाला चिमटा घेऊन जगणाऱ्यांना फीमाफीचा अर्ज करता येतो. नर्सबाईंचा पगार त्या सवलतीत बसण्याइतका कमी नसतो आणि ती फी सहज उचलून द्यावी इतका जास्तही नसतो.

निकाल रद्द होण्याच्या वाटा दोन. निकाल मुळातच चुकीचा नोंदवला गेला असेल, म्हणजे मुदत संपण्याआधी, पैसे फेडल्यावर किंवा समन्स नियमाप्रमाणे बजावलंच नसताना, तर न्यायाधीशांना तो रद्द करावाच लागतो. इथे नियमाची एक बाजू प्रतिवादीच्या कामाची आहे. माणूस आता तिथे राहत नाही असं मानायला वादीला कारण असेल, तर नवा पत्ता शोधण्याचा वाजवी प्रयत्न करणं त्याचं कर्तव्य आहे. आधीची पत्रं ‘इथे राहत नाहीत’ असा शेरा मारून परत गेली असतील, तर ती मोठी भांडवलाची गोष्ट. दुसरी वाट न्यायाधीशांच्या मर्जीची. तिथे नुसतं ‘पत्र मिळालं नाही’ म्हणून भागत नाही. मूळ दाव्यात लढण्याजोगं काही आहे, किंवा दुसरं सबळ कारण आहे, हे दाखवावं लागतं. आणि कळल्यावर तातडीने धाव घेतली का, हेही पाहिलं जातं. पतनोंदीचा रिपोर्ट पाहून महिनाभर कपाळाला हात लावून बसलेल्याची इथे पंचाईत होते.

त्यात २०२३ मध्ये अपील कोर्टाने आणखी एक चाळणी लावली. खटल्यात एक पक्ष होता इंग्लिश कराटे फेडरेशन. त्या निकालाने पक्कं केलं की एकतर्फी निकाल रद्द करतानाही चूक किती गंभीर होती, ती का झाली आणि एकूण परिस्थिती काय, या तिन्ही प्रश्नांतून जावं लागेल. दोन-अडीचशे पौंडांच्या पार्किंगसाठी कराटेतले डावपेच शिकावे लागणं हे आपल्या राज्यातच शक्य.

आणि लढण्याजोगं म्हणजे काय? बॅरी बीव्हिस या चिप्सच्या दुकानदाराने ते आजमावून पाहिलं. चेम्सफर्डच्या दुकानांच्या आवारात तो दोन तासांच्या मुदतीपेक्षा छप्पन्न मिनिटं जास्त थांबला आणि ८५ पौंडांच्या आकारणीविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो हरला. आकार भरमसाट नाही, असं न्यायालय म्हणालं. त्यामुळे ‘रक्कम जास्त आहे’ एवढ्यावर बाईंची सुटका नाही. फलक वाचता येण्याजोगा होता का, गाडी कोण चालवत होतं, ते ७० पौंड कुठून आले, असे मुद्दे बारकाईने काढावे लागतात. त्या ७० पौंडांवर सरकारनेच फेब्रुवारी २०२२ मध्ये आचारसंहिता काढून बंदी घातली होती. पार्किंग कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने ती मागे घेतली. सरकारचा पत्ता बरोबर होता, कागद वेळेत पोचले होते, तरी ही गत.

सुनावणी बहुधा बाईंच्या जवळच्या कोर्टात, जिल्हा न्यायाधीशांपुढे, थोडक्यात आटोपते. निकाल रद्द झाला की नोंद पुसली जाते आणि पतनोंदी ठेवणाऱ्या कंपन्याही ती काढतात. पण मूळ दावा जागचा हलत नाही. तो पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, आणि अर्जाची फी परत मिळेलच असंही नाही. वादी राजी असेल तर दोघांच्या संमतीने अर्ज करता येतो आणि त्याची फी बरीच कमी पडते. तिथेही मेख आहे. पैसे भरून टाकले आणि आता फक्त नोंद पुसायची म्हणून संमती, असं दिसलं तर न्यायाधीश नकार देऊ शकतात. नोंदवही हा सार्वजनिक दस्त आहे, सौदेबाजीची चीज नव्हे, असं त्यांचं म्हणणं. ते पटण्यासारखं आहे, हेही इथे कबूल करायला हवं.

पैसे घेऊन ‘तुमचा रेकॉर्ड साफ करून देतो’ म्हणणारेही बाजारात आहेत. खऱ्याखुऱ्या निकालाची नोंद त्यांच्याच्याने पुसली जात नाही. त्यापेक्षा १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याने दिलेली फुकट सोय बरी: दोनशे शब्दांपर्यंतचं आपलं म्हणणं रिपोर्टला जोडता येतं. अर्ज तपासणाऱ्या बँकेने ते विचारात घ्यावं अशी अपेक्षा असते. बँकेचं संगणकी गुणांकन त्या दोनशे शब्दांनी किती हेलावतं, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावं.

आपल्या एकछत्री कारभाराकडे सरकारचं लक्ष कधी गेलंच नाही असं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये न्याय खात्याचे राज्यमंत्री सर ऑलिव्हर हील्ड यांनी चुकीच्या पत्त्यावर बजावलेल्या दाव्यांना आळा घालण्याची घोषणा केली. नंतर जनतेची मतं मागवली गेली, उत्तरं छापली गेली. आपण अजून त्याच नियमात, त्याच पानावर आहात. वादींकडून आपल्याऐवजी ताजा पत्ता मागणं काही अवघड नाही. तो तीन कंपन्यांच्या संगणकांत आधीच पडलेला आहे, आणि निकालानंतर तो त्यांना सापडतोच. निकालाआधी तो पाहण्याची सक्ती करायला एक साधा नियम पुरे. आपली गादी त्याने जाईल एवढाच काय तो प्रश्न.

बाकी, प्रतिवादीचा पत्ता बरोबर असला म्हणजे न्याय झालाच असंही नाही. ब्रिडलिंग्टनचा पोस्टमास्तर ली कॅसलटन पोस्ट ऑफिसने लावलेल्या दाव्यात कोर्टात जातीने हजर होता, वकिलावाचून लढला आणि जानेवारी २००७ मध्ये हरला. पोस्ट ऑफिसच्या खर्चापोटी ३,२१,००० पौंडांचा बोजा डोक्यावर आला आणि त्याचं दिवाळं निघालं. ज्या होरायझन संगणकप्रणालीच्या आकड्यांवर हे सगळं उभं होतं ती सदोष असल्याचं डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने म्हटलं. मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून त्याच प्रणालीच्या आकड्यांवरून झालेल्या पोस्टमास्तरांच्या फौजदारी शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या. दिवाणी निकाल त्या कायद्यात नव्हते.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपली आज्ञाधारक,
इंग्लंडातील समस्त भाडेकरू मंडळी

ता. क. — आपल्याकडे सध्या राहणाऱ्यांना एक निरोप द्यावा. जुन्या भाडेकरूच्या नावाचं पाकीट आलं तर त्यावर ‘इथे राहत नाहीत’ लिहून ते टपालपेटीत टाकावं. नियमानुसार परत गेलेलं पाकीटही बजावलेलं मानलं जातं, फक्त पत्ता शेवटचा ज्ञात असला म्हणजे झालं. पण लेस्टरहून अर्ज येईल तेव्हा पाकीट परत गेल्याची कोर्टाकडची नोंद बाईंच्या निवेदनाला जोडता येईल.