सहा मिनिटांत एक किलोमीटर

लोणावळ्याच्या तुंगार्लीत आमच्या शेजारच्या बंद बंगल्यात जुलैत पुन्हा चोर शिरला. चोर म्हणजे पाल. ती सेन्सरच्या भिंगावर चढली की सायरन कोकलतो, मुंबईत मालकांचा फोन वाजतो आणि मालक मला उठवतात. किल्ली आमच्याकडे असते ना! शेवटी अलार्मवाले दादा नव्या मशीनचं कोटेशन घेऊन आले. कार्डावर ‘शासनमान्य परवानाधारक’. म्हटलं, दाखवा परवाना. दाखवला. शॉप अ‍ॅक्ट! तोही लॅमिनेट केलेला.

२०१७ च्या कायद्यानं नऊ माणसांच्या दुकानाला नोंदणीसुद्धा लागत नाही. ऑनलाइन सूचना द्यायची, पावती घ्यायची. म्हणजे दादांनी सरकारला कळवलं, ‘दुकान काढलंय बरं का’. सरकार म्हणालं, ‘बरं.’ ते ‘बरं’ दादा लॅमिनेट करून फिरवतात.

आता त्याच बंगल्याच्या फाटकावरचे पहारेकरी काका बघा. खासगी सुरक्षेच्या २००५ च्या कायद्यात चिलखती गाडीचा उल्लेख आहे, अलार्म बसवणाऱ्याचा नाही. पहारेकऱ्याला मात्र केंद्रीय नमुना नियमांनी नखशिखान्त मोजलंय. उंची १६० सेंटिमीटर, छाती ८०, फुगवून आणखी ४. तळवे सपाट नकोत. प्रशिक्षण शंभर तास वर्गात, साठ तास मैदानात. आणि एक किलोमीटर सहा मिनिटांत पळता आलं पाहिजे.

या किलोमीटरनं माझी झोप उडवलीय. फाटकापासून बंगल्याच्या दारापर्यंत चाळीस पावलं. उरलेला किलोमीटर काकांनी कुठं पळायचा? चोराच्या मागे की चोराच्या पुढे, हे नियमात नाही. गेल्या खेपेला सायरन झाला तेव्हा मी घड्याळ लावून गॅलरीत उभा राहिलो. काका छत्री उघडून निघाले, शेवाळावरून जपून जपून दारापाशी पोचले, वर बघितलं आणि ओरडले, “पळतो की मी, पर ह्ये बंद कुनाला करता येतंय?” अभ्यासक्रमात अलार्म आहे म्हणे, पण या डब्याचा कोड दादांकडे, आणि दादांचा फोन कव्हरेजच्या बाहेर, बहुधा पवनेच्या काठी दुसऱ्या कुणाच्या बंगल्यात शिडीवर.

त्या शिडीवरच्या माणसाला कोणत्या खिडकीला सेन्सर नाही ते ठाऊक. तिजोरी कुठल्या कपाटामागे, मालक कुठल्या शनिवारी येत नाहीत, सगळं ठाऊक. एप्रिल २०२५ पासून नव्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यालाही सरकारी चाचणी पास व्हावी लागते. तो कॅमेरा भिंतीत ठोकणाऱ्याची छाती कुणी मोजलीय? त्याचं नाव कुठल्या रजिस्टरात आहे? बारा-बारा तास पावसात उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्याचे तळवे तपासता, आणि घराच्या किल्ल्या ज्याच्या मोबाइलमध्ये त्याला साधं ‘तुम्ही कोण’ विचारत नाही! लाज कशी वाटत नाही म्हणतो मी!

असो. रविवारी भरदुपारी पाल परत चढली. अर्ध्या तासानं दादांनी फोन उचलला. सायरनमध्ये ऐकू येईना म्हणून काकांनी स्पीकर लावला.

“रीसेट मारा,” दादा ओरडले. “कोड एक-दोन-तीन-चार!”

हा कोड आता मला, काकांना, भुशीकडे निघालेल्या दोन गाड्यांना आणि समोरच्या कणीसवाल्याला ठाऊक आहे. त्यांतल्या कणीसवाल्याकडे तेवढा परवाना आहे.