पूर्वजांना वेळ किती द्यावा?

मे महिन्यात रत्नागिरीत दोन गोष्टींना हमखास गिऱ्हाईक असतं : हापूसला आणि पूर्वजांना. मुंबई-पुण्याची मंडळी गावी आली की कुठल्या ना कुठल्या घराण्याचं कुलसंमेलन भरतं. सकाळी कुलदैवताला अभिषेक, मग एकमेकांचा परिचय, दुपारी पंगत. या सगळ्यातून जी दीड-दोन तासांची फट उरते तिच्यात भाषणं बसवायची असतात. ती कुणाची, हे ठरवणाऱ्या समितीत मी आहे, आणि त्यामुळे अर्धी भावकी माझ्याशी जपून बोलते.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला 2011 पासून 'रूट्सटेक' नावाचा वंशावळीवाल्यांचा मोठा मेळा भरतो. तिथे एकाच वेळी अनेक दालनांत व्याख्यानं चालतात. एक कंटाळवाणं निघालं तर उठून शेजारच्यात बसावं. आमच्याकडे मांडव एकच. इथून उठलेला माणूस थेट स्वयंपाकाकडे जातो आणि परत येत नाही. म्हणून निवड जपून करावी लागते.

सर्वांत जास्त मागणी 'आपले थोर पूर्वज' या विषयाला. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ 1713 साली पेशवे झाले, तेव्हापासून कोकणातलं प्रत्येक घराणं त्यांच्या पंगतीला बसलेलं आहे. आमच्या एका काकांच्या मते पणजोबा थिबा राजाशी बुद्धिबळ खेळायचे. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणलं 1886 साली, आणि वंशावळीप्रमाणे पणजोबा 1881 सालीच वारले होते. हे दाखवल्यावर काका शांतपणे म्हणाले, "मग आजोबा असतील."

दुसरा आवडता विषय गेलेल्या जमिनींचा. वक्ता खोतीवर येतो, आवाज जड होतो, आंबे-फणस मोजले जातात. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती मोडण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं 1937 साली, कायदा झाला 1949 साली. जमिनीतून खोती केव्हाच गेली. आमच्या भाषणांतून अजून जायची आहे. त्याच खोतांच्या वह्यांमध्ये जमीन कसणाऱ्या कुळांचीही नावं आहेत. त्यांची नातवंडं खालच्या वाडीत राहतात आणि त्यांनाही पणजोबा होते. या बाजूने बोलणारा मिळाला तर त्याला मी पाच मिनिटं वाढवून देईन.

तिसरा विषय नव्या पिढीचा. परदेशातल्या पुतण्याला डीएनए चाचणीवर बोलायचं होतं : नळीत थुंकी घालून पाठवायची, की आपलं मूळ कळतं. "त्यात गोत्र येतं का रे?" आत्यांनी विचारलं. येत नाही म्हटल्यावर त्यांनी वाती वळायला घेतल्या.

मला खरा उपयोगी वाटतो तो मोडी वाचणारा माणूस. हा दिसायला साधा, बोलायला सावकाश, आणि दाखले दिल्याशिवाय पुढे न सरकणारा. पुण्याच्या पेशवे दप्तरात काय मिळेल, भारत इतिहास संशोधक मंडळात कशासाठी जावं, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितलं की त्यांच्या चोपडीत आपल्या आजोबांची सही कशी सापडते, हे तो सांगतो. त्याच्या भाषणाला टाळ्या कमी पडतात. पण संध्याकाळी दोघं-तिघं तरी माळ्यावरची ट्रंक उघडायला निघतात.

आणखी एक वक्ता आम्ही नेहमीच विसरतो, कारण तो अर्ज करत नाही. कुलवृत्तान्त गोखल्यांनी काढले, बापटांनी काढले, दामल्यांनी काढले. अशा जाडजूड ग्रंथांत मुलग्यांच्या फांद्या पानोपानी पसरतात, मुली मात्र लग्न होऊन पानाबाहेर जातात. सुनांचं तर नावही लग्नात बदललेलं. माहेरचं नाव शोधायचं कुठे? ते आमच्या ऐंशीच्या पुढच्या काकूंना पाठ असतं. कोण कुठल्या घरून आली, कुणाचं बाळंतपण होडीत झालं, कोण रुसून माहेरी गेली ती परत आलीच नाही, सगळं. "मला मेलीला भाषण कुठचं येतंय," असं म्हणून त्या नारळ खवत बसतात. त्यांना भाषणाला बोलवू नये. खवणीसह मांडवात आणून बसवावं, शेजारी नातीला वही देऊन ठेवावं आणि माईक हळूच पुढे सरकवावा.

समितीत नव्याने आलेल्यांना मी एवढंच सांगतो. हे ऐकून माणूस घरी जाऊन काय शोधेल, हा प्रश्न प्रत्येक विषयाला विचारा. ज्याला उत्तर असेल तो सकाळी घ्या, मंडळी ताजी असताना. थोर पूर्वज जेवणानंतर ठेवा. आमरस-पुरीवर त्यांच्या पराक्रमाला आजवर कुणीही हरकत घेतलेली नाही.