एकदा वापरून तर बघा!

मराठी मध्यमवर्गीय घरात नवी वस्तू आली की स्वयंपाक करणं, कपडे धुणं किंवा दात घासणं ही तिची दुय्यम कामं असतात. मुख्य काम असतं ते आणखी चार घरांत शिरण्याचं. एअर फ्रायरमध्ये वड्यांचा पहिला घाणा तळून, म्हणजे न तळून, बाहेर यायच्या आधीच त्याची कीर्ती बदलापूरच्या नणंदेपासून बोस्टनच्या भाच्यापर्यंत पोहोचलेली असते. या प्रचाराची वाक्यंही ठरलेली आहेत. ‘एकदा वापरून तर बघा, मग सांगा’, ‘डोळे झाकून घ्या’, ‘आमच्याकडे दुसरं चालतच नाही’, ‘दुकानात माझं नाव सांगा’ आणि या सगळ्यांत जिव्हारी लागणारं, आवाजात अपार करुणा आणून विचारलेलं, ‘तुम्ही अजून तेच वापरता?’ (दुकानात नाव सांगितल्यावर दुकानदार ‘कोण?’ असं विचारतो, हा भाग वेगळा.) या सगळ्यामागे परोपकार असतो, असं आपण पिढ्यानपिढ्या धरून चाललो आहोत. पुरावा मात्र वेगळंच सांगतो. शिफारस करणारा आपल्याला काही देत नसतो, मागत असतो. आपले पैसे वाया गेलेले नाहीत, एवढं त्याला कोणाकडून तरी ऐकायचं असतं. घेतलेल्या व्रताचं उद्यापन दुसऱ्याला जेवू घातल्याशिवाय होत नाही, तशी केलेली खरेदी दुसऱ्याच्या गळ्यात मारल्याशिवाय पुरी होत नाही.

हा आरोप हवेतला नाही. जॅक ब्रेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग १९५६ साली प्रसिद्ध झाला. टोस्टर, कॉफीचं यंत्र, रेडिओ अशा घरगुती वस्तूंना त्याने स्त्रियांकडून गुण देववले आणि मग त्यांतल्या दोन वस्तूंपैकी एक भेट म्हणून निवडायला सांगितलं. निवड झाल्यावर पुन्हा गुण मागितले, तर निवडलेली वस्तू वर चढली होती आणि नाकारलेली खाली घसरली होती. मधल्या वेळात टोस्टरमध्ये पाव घालून पाहिलेला नव्हता. गुण वाढायला ती वस्तू आपण निवडलेली असणं एवढंच पुरलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं की नवी मोटार घेतलेली माणसं आपण घेतलेल्याच मोटारीच्या जाहिराती जास्त वाचतात. जाहिरात खरेदीच्या आधी वाचावी अशी समजूत आहे. माणूस ती खरेदीनंतर वाचतो, कारण तेव्हा त्याला तिची खरी गरज असते. डेव्हिड गॅल आणि डेरेक रकर या दोघांनी २०१० साली आणखी एक पायरी गाठली. स्वतःच्या मताबद्दलचा विश्वास थोडासा डळमळीत केला, तर माणसं ते मत दुसऱ्याला पटवण्यासाठी जास्त जोर लावतात, असं त्यांना आढळलं. तेव्हा एखादा गृहस्थ चाळीस मिनिटं वॉटर प्युरिफायरबद्दल बोलत राहिला, तर त्या प्युरिफायरबद्दल त्याची पक्की खात्री झाली आहे असं समजू नये. खात्री झालेला माणूस पाणी पितो आणि गप्प बसतो.

यावर कोणी म्हणेल की परदेशातल्या प्रयोगांनी मराठी माणसाची परीक्षा का घ्यायची? नका घेऊ. स्वयंपाकघरात जाऊन सांडशीकडे पाहा. उकळत्या दुधाचं पातेलं उतरवणारी, दिवसातून दहा वेळा हातात येणारी आणि न सापडली तर घर डोक्यावर घ्यायला लावणारी ही वस्तू आहे. तिची शिफारस केलेली कधी कोणी ऐकली आहे का? पोळपाट, गाळणं, किसणी, कपडे वाळत घालायची दोरी यांच्यावाचून संसार चालत नाही, आणि यांच्याबद्दल कोणी कोणाला फोन करत नाही. कारण त्यांच्याबद्दल शंका नाही. त्या स्वस्त असतात, काम करतात आणि त्या घेण्यात शहाणपण होतं की नाही, असा प्रश्न रात्री कोणाला छळत नाही. उलट बिडाचा महागडा तवा, लाकडी घाण्याचं तेल, तांब्याची बाटली आणि मालिश करणारी खुर्ची यांचे प्रचारक गल्लोगल्ली भेटतात. शिफारशीचा जोर वस्तूच्या उपयोगाबरोबर वाढला असता, तर सांडशीच्या नावाने मंडळं निघाली असती. तो वाढतो किमतीबरोबर आणि मनातल्या धाकधुकीबरोबर.

पण हेतू काहीही असो, सल्ला बरोबर निघाला तर बिघडलं कुठे, असा एक समंजस युक्तिवाद आहे. अडचण अशी की सल्ला बरोबर निघण्याची सोयच त्यात ठेवलेली नसते. पुण्याच्या नळाला धरणाचं बऱ्यापैकी मऊ पाणी येतं. तिथे भरघोस फेस देणारा अंगाचा साबण मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यात नुसता चिकट साका सोडतो, कारण त्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला फेस होऊ देत नाही. त्याच जड पाण्यात तुरीची डाळ शिजायला वेळ घेते, आणि मग पुण्याच्या मावशीने ‘तीन शिट्ट्यांत डाळ मेण’ अशी ग्वाही दिलेला कुकर लातूरच्या भाचीकडे बदनाम होतो. कुकर निर्दोष, भाची निर्दोष आणि मावशी तर जन्मतःच निर्दोष. शिफारशीत पाण्याचा उल्लेख नव्हता एवढंच. केसांच्या तेलाचं तर विचारूच नये. कंबरेपर्यंत केस असलेली बाई जे तेल सुचवते, तिच्या आईचे केसही कंबरेपर्यंत होते, ही माहिती बाटलीवर छापलेली नसते आणि ती बाईही ती सांगत नाही.

त्यातून आपल्याला ती वस्तू नेमकी का आवडली, हे तरी शिफारस करणाऱ्याला ठाऊक असतं का? रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांच्या १९७७ सालच्या निबंधात एका दुकानातला प्रयोग आहे. नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि गिऱ्हाइकांना सर्वांत चांगला निवडायला सांगितला. अगदी उजवीकडचा जोड अगदी डावीकडच्यापेक्षा जवळजवळ चौपट वेळा निवडला गेला. चारही जोड हुबेहूब सारखे होते. मांडणीतल्या जागेमुळे तुम्ही हा उचललात का, असं विचारल्यावर लोकांनी ते साफ नाकारलं. आपल्याकडे मोज्यांऐवजी मीठ आहे. ‘हिमालयाचं गुलाबी मीठ’ म्हणून जे सुचवलं जातं, त्यातलं बहुतेक पाकिस्तानातल्या पंजाबात, खेवड्याच्या खाणीतून निघतं. ती खाण हिमालयात नाही आणि ते मीठही मुख्यतः साधं सोडियम क्लोराइडच आहे. ‘ए-टू’ दुधाची कथा तर याहून सुरस. ‘ए-टू’ असल्याच्या दाव्यांची लेबलं काढा, असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी काढला आणि २६ ऑगस्टला तो मागे घेतला. सरकारने दोनदा मत बदललं. त्या दुधाचा प्रचार करणाऱ्यांना ना आदेशाने फरक पडला, ना माघारीने. जी गोष्ट तपासून पाहता येते, ती मात्र कोणी सांगत नाही. साबणाच्या वेष्टनावर टीएफएम, म्हणजे त्यातल्या एकूण स्निग्धांशाचा आकडा, छापलेला असतो. पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान ७६ टक्के लागतो, तिसऱ्या प्रतीला ६० पुरतात, आणि ‘बेदिंग बार’ असं लिहिलं असेल तर त्याहूनही कमी चालतो. फ्रिजवर वर्षाला किती युनिट जळतील तेही चिकटवलेलं असतं. पण ‘याचा टीएफएम ७६ आहे’ असं सांगून लग्नाच्या पंगतीत छाप पडत नाही. ‘वापरल्यावर कसं फ्रेश वाटतं’ याने पडते.

आता सर्वांत भक्कम आक्षेप. जाहिरात करणारा पैसे घेतो. आपल्या माणसाला कमिशन नसतं. म्हणून त्याचा शब्द अधिक खरा. वरवर बिनतोड. पण पैसे घेणाऱ्याला कायद्याने किती जखडलं आहे, तेही बघा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी, ती करणाऱ्या नामवंतालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत, शिवाय काही काळ जाहिराती करायला बंदी. २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की शिफारस पुरेशा माहितीवर किंवा अनुभवावर आधारलेली हवी, आणि कंपनीशी लागेबांधे असतील तर ते उघड करायला हवेत. थेट विक्रीचे २०२१ चे नियम तर वाचताना डोळे पाणावतात. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ घेतल्याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही, आणि गेल्यावर आपण कशासाठी आलो आहोत हे सुरुवातीलाच खरंखरं सांगायचं. आत्याला यातलं एकही कलम लागू नाही. ती वेळ न घेता येते, सत्यनारायणाचा प्रसाद द्यायला आले असं सांगते, आणि पाचव्या मिनिटाला तुमचा मिक्सर किती आवाज करतो यावर येते. मुख्य म्हणजे नटी तुमच्या घरी तपासायला येत नाही. आत्या दिवाळीत येते, ओट्याकडे बघते आणि विचारते, ‘घेतला नाहीस अजून?’ कमिशन खाणाऱ्याची भूक पैशाने तरी भागते. हिला हवा असतो होकार, आणि तो वर्षानुवर्षं पुरत नाही.

दुसरा आक्षेप मान्य करण्याजोगा आहे. ज्यांच्याकडे जाहिरातीला पैसा नसतो, त्यांचा माल तोंडातोंडीच पसरतो. घरगुती मसाले करणारी बाई, गावचा तेलघाणा, नवा उद्योजक यांनी करायचं काय? करसनभाई पटेल १९६९ च्या सुमारास अहमदाबादेत सायकलवरून दारोदार निरमा विकत होते. ती पावडर घराघरांत गेली, हे खरं आहे. पण त्या वेळी बायका एकमेकींना जे सांगत असतील, त्यात पहिला मुद्दा किमतीचा असणार, कारण मोठ्या कंपनीच्या पावडरीपुढे निरमा कितीतरी स्वस्त होती. त्याला उत्तर म्हणून सर्फने दूरदर्शनवर ललिताजी आणली. कविता चौधरींनी रंगवलेली ही गृहिणी महागडी पावडर का घेते, याचा हिशेब मांडायची: अर्धा किलो ही आणि एक किलो ती, धुतलेल्या कपड्यांची बेरीज सारखीच. हिशेब पटो न पटो, खोडून काढता येईल असा तरी होता. पैसे घेऊन बोलणारी नटी वजन आणि किंमत सांगत होती. फुकट बोलणारे आपले आप्त ‘क्वालिटी आहे हो!’ यापलीकडे जात नाहीत. तेव्हा तोंडी शिफारस बंद करा, असं म्हणणं नाही. ती निदान ललिताजीच्या पातळीवर तरी आणा.

राहता राहिली माया. ‘प्रेमापोटी सांगतो हो’ या वाक्यापुढे भले भले गप्प होतात. पण प्रेमाने वस्तू पोहोचवण्याची रीत या महाराष्ट्रात आधीपासून आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवात बायका वाण लुटतात: चाळणी, डबा, साबणदाणी, कंगवा. खर्च देणारीचा, निवड देणारीची. घेणारीवर वापरण्याची सक्ती नाही आणि फेब्रुवारीत चौकशीही नाही. फार तर ते वाण पुढच्या वर्षी दुसऱ्या घरी जातं आणि कोणी ब्र काढत नाही. शिफारशीत बरोबर याच्या उलट घडतं. माया त्यांची, पैसे आपले आणि हिशेब पुन्हा त्यांना द्यायचा. म्हणून सूचना अशी की यापुढे ज्याला एखादी वस्तू दुसऱ्याच्या घरी असावीच असं वाटतं, त्याने ती विकत घेऊन द्यावी. एअर फ्रायरचे निम्मे प्रचारक त्याच दिवशी मौनव्रत घेतील.

ज्यांना तेवढं परवडत नाही, त्यांनी बोलण्याआधी चार गोष्टी सांगाव्यात: केवढ्याला घेतली, किती दिवस वापरली, तुमच्याकडे पाणी कसलं आहे, आणि तिच्यात खोट कोणती. चौथ्या प्रश्नावर जो अडेल त्याचं ऐकू नये, कारण जिच्यात एकही खोट सापडत नाही ती वस्तू अजून वापरलेलीच नसते. आणि ऐकणाऱ्यांनीही थोडी भूतदया दाखवावी. समोरच्याला गिऱ्हाईक नको आहे, धीर हवा आहे. ‘छान घेतलंत हो, अगदी योग्य केलंत’ एवढं मनापासून म्हणा आणि काहीही विकत घेऊ नका.