ग्रॅव्हलराव

नेदरलंडमध्ये सुमारे ३५ हजार किलोमीटरचे सायकलमार्ग आहेत. बहुतेक गुळगुळीत, बरेचसे लाल डांबराचे. अशा देशात नोकरी धरून, घरासाठी तीस वर्षांचं कर्ज काढून, डच भाषेची परीक्षा पास होऊन जो मराठी माणूस रविवारी पहाटे सायकलवर मुद्दाम खराब, खडीचा म्हणजे ग्रॅव्हलचा रस्ता शोधायला बाहेर पडतो, त्याला ग्रॅव्हलराव म्हणायचं. आइंडहोवनकडच्या कुठल्याही गणपतीत असे चारपाच सहज सापडतात. आरतीला टाळ वाजवताना ज्यांच्या पोटऱ्यांवर काट्यांचे ओरखडे दिसतात आणि प्रसादाच्या रांगेत जे मागच्याला घड्याळावर स्वतःची नाडी दाखवतात, ते हेच.

ग्रॅव्हलराव मूळचे दुष्काळी पट्ट्यातले, म्हसवडचे. शाळेला जायचे ते वडिलांच्या काळ्या सायकलवरून, फुफाट्यातून, चेन पडली की दगडावर बसून बोटं काळी करत. तेव्हा त्यांची एकच इच्छा होती, की आयुष्यात कधीतरी डांबरी रस्त्यावर राहायला मिळावं. ती पुरी झाली. हल्ली ते आइंडहोवनला खेटून असलेल्या फेल्टहोवनमध्ये, चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामावर आहेत. आठवड्याचे पाच दिवस नॅनोमीटरच्या हिशेबात जातात; धुळीचा एक कण दिसला तर सभा भरते. चाळिशीनंतर डॉक्टरांनी साखर काठावर असल्याचं सांगितलं आणि ग्रॅव्हलरावांना धुळीची आठवण आली.

सायकल त्यांनी कंपनीच्या योजनेतून घेतली. हप्ता पगारातून परस्पर कापला जातो, त्यामुळे खरी किंमत घरात अजून कुणाला कळलेली नाही. दिसायला ती शर्यतीच्या सायकलसारखी, हँडल खाली वळलेलं; पण टायर रुंद, ४५ मिलिमीटरचे, बारीक दातांचे. आत ट्यूब नाही. तिच्या जागी पांढरं सीलंट असतं; काटा घुसला की ते भोकाशी येऊन घट्ट होतं. शनिवारी रात्री ग्रॅव्हलराव गॅरेजमध्ये सोवळ्यात बसतात. डिजिटल गेज लावायचं, हवा भरायची, फुस्स करून सोडायची, अंगठ्याने टायर दाबून बघायचा, पुन्हा भरायची. पाइनच्या जंगलातल्या मुळांना एक हवा, हेदरच्या झुडपांच्या माळावरच्या पायवाटेला दुसरी, वाळूला तिसरी.

“अरे, जेवायला ये. पिठलं गार झालं,” वरून हाक येते.

“आलो गं. दोन बार जास्त होतंय, एक पॉइंट आठ करतोय.”

“पिठल्याचं काय करू ते सांग.”

मार्ग ठरवणं हे तर आठवडाभराचं काम. या देशात सायकलमार्गांच्या चौकाचौकांत क्रमांकाचे खांब असतात. कागदावर सात, एकोणीस, बावीस असे आकडे लिहून घेतले, की लहान मूलही न चुकता पन्नास किलोमीटर फिरून घरी येतं. ही युक्ती शेजारच्या बेल्जियमची. तिथल्या लिंबुर्ग प्रांतात हुगो बोलेन या खाण-अभियंत्याने ती १९९५ साली अमलात आणली. ग्रॅव्हलरावांना तिचा मनस्वी तिटकारा आहे. “खांब बघून काय कुणीही जाईल,” असं म्हणत ते उपग्रहाचे फोटो मोठे करकरून दोन झाडांमधली करडी रेघ शोधतात, ती फोनमध्ये भरतात आणि रविवारी नेमके त्याच रेघेवर चुकतात.

तरी वाटा सुरेख आहेत, हे मान्य करायला हवं. दक्षिणेला लेंडरबोस हे पाइनचं जंगल, पूर्वेला स्ट्राब्रेख्टचा माळ. ऑगस्ट उजाडला की हेदरची झुडपं फुलतात आणि क्षितिजापर्यंत जांभळा रंग पसरतो. मध्येच बोयफेन नावाचं उथळ तळं लागतं. पहाटे त्यावर धुकं असतं आणि काठाला ग्रॅव्हलराव असतात, सायकल झाडाला टेकवून तिचा फोटो काढत. फोटोत तळं थोडं येतं, सायकल पूर्ण येते.

बरोबरच्या नवख्याला ते इथेच इतिहास सांगतात. ग्रॅव्हल सायकलिंगचा हा खेळ वाढला अमेरिकेत. कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये २००६ साली मोठी शर्यत सुरू झाली, २०० मैलांची, टायर फाडणाऱ्या गारगोट्यांवरून. पहिली अधिकृत विश्वविजेतेपद स्पर्धा २०२२ साली इटलीत झाली आणि २०२५ साली ती थेट इथे, डच लिंबुर्ग प्रांताच्या दक्षिणेला आली. “आपल्या दारात!” असं म्हणताना ग्रॅव्हलरावांचा ऊर भरून येतो. जणू निवड समितीने त्यांचंच नाव किरकोळ कारणाने वगळलं होतं.

त्यांची खरी परीक्षा वाळू घेते. शेवटच्या हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेल्या वाळूवर इथल्या ब्राबांट प्रांताचा बराचसा भाग वसला आहे. टिलबुर्गच्या उत्तरेला लोन आणि ड्रुनन या गावांच्या मध्ये तर वाळूचं चक्क वाळवंट आहे. ते आणि भोवतीचं जंगल मिळून २००२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. वाळूत कसं जायचं, यावर ग्रॅव्हलराव व्याख्यान देऊ शकतात. ब्रेक लावायचा नाही, वजन मागे, हात सैल, नजर लांब, पाय थांबवायचे नाहीत. हे सगळं ते करतात. पुढचं चाक तरीही स्वतःच्या मनाने डावीकडे वळतं आणि ग्रॅव्हलराव सावकाश, कुठलीही घाई न करता, उजवीकडे आडवे होतात. त्याच वेळी कडेच्या पक्क्या मार्गावरून एक सत्तरीच्या डच आजी बॅटरीच्या सायकलवरून, टोपलीत कुत्रं घेऊन, “सुप्रभात” म्हणत निघून जातात. ग्रॅव्हलराव पडल्यापडल्या तितक्याच अदबीने उत्तर देतात. एवढ्या वर्षांत अंगी बाणलेलं हे डचपण.

आणखी शत्रू आहेत. उन्हाळ्यात ओकच्या झाडांवर केसाळ अळ्यांची रांग निघते. त्यांचे केस अंगाला लागले की रात्रभर खाज. गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो, म्हणून घरी आल्यावर ग्रॅव्हलराव बाल्कनीत पाय पसरून बसतात आणि बायको चिमटा व चष्मा घेऊन तपासणी करते. लग्नानंतर एवढ्या बारकाईने तिने त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं, असं ते कौतुकाने सांगतात. ती काही बोलत नाही. चिमटा जरा जोरात लावते.

ग्रॅव्हलरावांची सर्वांत कडक समीक्षा केली ती त्यांच्या आईने. तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या या बाई आयुष्यभर माणदेशात राहिलेल्या. चिरंजीवांनी त्यांना गाडीत घालून स्ट्राब्रेख्टचा माळ दाखवायला नेलं. “अस्पर्श निसर्ग आहे, आई,” असं म्हणतात न म्हणतात तोच समोरून मेंढ्यांचा कळप आला. मागे मेंढपाळ, बाजूला कुत्रं. आई थांबल्या. मेंढरं नीट न्याहाळली.

“कुणाची रं ही?”

“माळ राखायला ठेवलीत. मेंढ्या चरल्या नाहीत तर बर्च आणि पाइन उगवून सगळ्याचं जंगल होईल.”

“आन् ह्या धनगराला फॉरेस्टवाला दंड न्हाई करत?”

“दंड कसला, आई? चारायचे पैसे देतात त्याला.”

आईंनी पदर सावरला. वनखात्याचा माणूस दिसला की कळप वळवून पळणारे धनगर ज्यांनी जन्मभर पाहिले, त्यांना पचायला हे जड होतं. मग ग्रॅव्हलरावांनी माळाचा जन्म सांगायला घेतला. इथले शेतकरी शेकडो वर्षं हेदरचे थर मातीसकट खरवडून गोठ्यात पसरायचे, त्यात मेंढ्यांच्या लेंड्या मुरायच्या आणि ते खत शेतात जायचं. खरवडणं फार झालं की खालची वाळू उघडी पडून उडायला लागायची. पुढे रासायनिक खत आलं, माळ बिनकामाचे ठरले आणि त्यांच्यावर पाइन लावले, खाणींच्या टेकूंना लाकूड हवं म्हणून.

“म्हंजे आपल्याकडं वावरात मेंढरं बसवत्यात, तसंच की,” आई म्हणाल्या. तीन माहितीपट बघून ग्रॅव्हलरावांना उमजलेली गोष्ट त्यांनी एका वाक्यात आटोपली. मग खाली वाकून पायवाटेकडे पाहिलं आणि विचारलं, “असलाच रस्ता पायजे हुता, तर म्हसवडला काय कमी हुता?”

ग्रॅव्हलरावांकडे उत्तर नव्हतं, पण ते आहे. म्हसवडला त्या रस्त्याने दवाखान्यात जावं लागायचं. इथे त्या रस्त्याने फक्त कॉफीला जायचं असतं. पाय थकले की दोनशे मीटरवर गुळगुळीत सायकलमार्ग आहे, त्यापुढे सायकल चढवता येणारी रेल्वे आहे आणि वाटेत सायीचा गोळा घातलेला सफरचंदाचा केक आहे. जंगल लावलेलं, माळ चारून राखलेला. आणि वाळूसुद्धा उडत राहावी म्हणून तिच्यावर उगवणारी झाडं माणसं काढून टाकतात. एवढ्या बंदोबस्तात रानटीपणा करायला मिळाला तर तो कुणाला नको आहे? खराब रस्ता हौसेने धरता यावा, एवढी ऐपत ग्रॅव्हलरावांनी स्वतःच्या कष्टांनी कमावली आहे. त्यांना हसावं, पण हेवा लपवून.

तेव्हा आइंडहोवनला गेलात आणि गाठ पडली, तर सायकलची किंमत बिनधास्त विचारा. ते अर्धीच सांगतील आणि विषय संपेल. टायरमध्ये हवा किती ठेवता, हे मात्र चुकूनही विचारू नका. तुमचं परतीचं विमान जाईल.