मीटरला वाचा कशी फोडावी

ही मार्गदर्शिका ज्यांना मामांकडून मारुती ८०० 'अगदी घरच्यासारखी' मिळाली, त्यांच्यासाठी आहे. १९८३च्या डिसेंबरात ही गाडी रस्त्यावर आली, २०१४च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. मधल्या काळातल्या गाड्या अजून सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हर पांघरून उभ्या आहेत. अशा गाडीचा मीटर साधारण एवढंच सांगतो: वेग शून्य, टाकी अर्धी, बाकी क्षेम. गाडी साठनं पळत असली तरी हेच. झाकली मूठ सव्वा लाखाची. मूठ उघडायचीच असेल तर पुढे वाचा.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. ही सूचना गंमत म्हणून दिलेली नाही.

मग निदान. वेगाचा काटा आणि किलोमीटरचे आकडे दोन्ही ठप्प असतील, तर बहुधा गिअरबॉक्सकडून येणारी केबल तुटलीय. काटा हलतो पण आकडे जागचे ढळत नाहीत, तर आतलं प्लास्टिकचं दातेरी चाक गेलं. काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडलीय किंवा कुठे तरी मुरगळलीय. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे जुना मीटर मिळू शकतो. तोही मुकाच असण्याची शक्यता धरून भाव करावा.

मीटर बाहेर काढताना मागची केबल खटका दाबून सोडवावी, ओढू नये. पाठीमागे तांब्याच्या रेघा असलेली पातळ फिल्म दिसेल. बल्बच्या होल्डरपाशी ती काळवंडलेली असते. तिथे खोडरबर हळू फिरवा. जोरात फिरवलंत तर रेघच निघून हातात येईल.

आता काळजाचा भाग. केबल आत एक चुंबक फिरवते. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते, पण दोघांचा स्पर्श होत नाही. चुंबक फिरलं की वाटीत विद्युतप्रवाह घुमू लागतात, त्यांच्या ओढीनं वाटी वळू पाहते आणि केसाएवढी स्प्रिंग तिला मागं खेचते. या ओढाताणीत काटा जिथे ठरतो, तो तुमचा वेग. हे दृश्य पाहताच घरातलं कुणी तरी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली घेऊन येईल. माणूस कितीही वडीलधारा असो, बाटली काढून घ्या. तेल वाटीपर्यंत उतरलं की ती चुंबकामागे फरफटते आणि काटा नसलेला वेग दाखवतो. स्प्रिंगला तर फुंकरसुद्धा जपून घालावी.

काटा उपसायचाच असेल तर आधी तो कुठे टेकतो तिथे चिकटपट्टीची खूण करा. डायलवर पुठ्ठा ठेवून दोन चमच्यांनी दोन्ही बाजूंनी सारखा उचला. नखानं उचकटणाऱ्यांचा काटा पुढे कायम दहा किलोमीटर आगाऊ धावतो. डायल स्पिरिटनं पुसू नये; धूळ जाते, आकडेही जातात. काचेची गोष्टही तीच. ती काच नसून ॲक्रिलिक असते, थिनर लागला की जाळी पडते. ओरखड्यांना पांढरी टूथपेस्ट पुरते.

किलोमीटरचे आकडे हाताशी आलेच आहेत, तर बोटं शिवशिवतील. मागं फिरवू नका. 'सिंगल हँड, डॉक्टर ड्रिव्हन' गाड्यांचा अनुभव असलेला गिऱ्हाईक आकडे एका ओळीत आहेत का ते बघतो, मग ब्रेकच्या पेडलचं रबर बघतो. रबर झिजून गुळगुळीत आणि मीटर म्हणतो अठरा हजार, यावर तो फक्त 'अच्छा' म्हणतो. शिवाय मामांच्या मीटरला मागं फिरवायची गरज नसते. तो बऱ्याच वर्षांपूर्वी स्वतःहूनच थांबलेला असतो, आणि 'गाडी फार पळालेली नाही' हे मामांचं वाक्य अक्षरशः त्यावरच उभं असतं.

पेट्रोलच्या काट्याचं दुखणं टाकीकडचं की मीटरकडचं, हे वायरमननं सांगावं. तुम्ही टाकीत डोकावू नका, मोबाइलचा टॉर्च घेऊनही.

बल्ब बदलताना एलईडीचा मोह सगळीकडे पुरवू नये. जुन्या गाड्यांत अल्टरनेटर जागा करणारा करंट बऱ्याचदा बॅटरीच्या लाल दिव्यातूनच जातो. तिथे एलईडी बसवला तर दिवा सुंदर दिसेल आणि बॅटरी चार्ज व्हायची राहील. उरलेल्या जागी एलईडी लागला नाही तर उलटा करून घाला. त्याला बाजू असते. ऑइलच्या खुणेमागचा होल्डर रिकामाच सापडला तर नवल करू नका, नवा बल्ब घाला.

सगळं परत बसवा, निगेटिव्ह जोडा, चावी फिरवा. इंजिन सुरू होण्याआधी ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. सुरू झाल्यावर काही क्षणांत तो विझलाही पाहिजे. विझला नाही तर इंजिन तिथल्या तिथे बंद करा, डिपस्टिक बघा, आणि ऑइल पुरेसं असूनही दिवा तसाच असेल तर गाडी गॅरेजपर्यंत ढकलत किंवा टो करून न्या. गॅरेजवाला खर्चाचा आकडा सांगेल तेव्हा तो एवढासा बल्ब काढून खिशात टाकावा असं तीव्रतेनं वाटेल. मामांनाही तसंच वाटलं होतं.