शेजाऱ्याची काळजी कशी करावी: माणमधल्या नवशिक्यांसाठी

माणमध्ये नवा फ्लॅट घेतला की गॅसजोडणी कुठून घ्यायची, पार्किंगचा स्टिकर कोण देतो, टँकर कधी येतो हे सगळं पहिल्या आठवड्यात कळतं. समोरच्यांचं दार दोन दिवस उघडलं नाही तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा खटाटोप. वाचून तुम्ही कुणाचा जीव वाचवाल याची हमी नाही. एखाद्याची झोप मोडाल याची पुरेपूर आहे.

सुरुवात पुराव्यापासून करा. पुरावा म्हणजे दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी. एकच असेल तर माणूस उशिरा उठलाय. दोन असतील आणि कालची उन्हाने टम्म फुगली असेल, तर नवशिक्याच्या पोटात गोळा येतो. मग नजर चपलांच्या रॅककडे जाते. रोजच्या चपला जागेवर आहेत, म्हणजे माणूस आत आहे. आत असून दार उघडत नाही, म्हणजे... इथे थांबा. हे वाक्य मनातल्या मनात पुरं केलंत की संपलं. हिंजवडीच्या इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा माणच्याच जमिनीवर उभा आहे आणि त्यातली बरीच मंडळी अमेरिकेच्या घड्याळावर जगतात. दुपारचे तीन ही त्यांची मध्यरात्र. एसी चालू, कानात बोळे, फोन सायलेंट. बेल वाजवून वाजवून तुमचं बोट दुखेल, तिकडे कूसही बदलली जाणार नाही.

आता चौकशी. नवशिके ती सोसायटीच्या ग्रुपवर करतात. बी विंगमधून ‘दार उघडत नाहीयेत’ म्हणून निघालेला निरोप डी विंगमध्ये ‘वास येतोय’ होऊन पोचतो. जाणकार मात्र पोळ्यावाल्या मावशींना गाठतो. कोण गावाला गेलंय, कोण माहेरी, कुणाचं कुणाशी बिनसलंय, हे त्यांना सेक्रेटरीच्या आधी माहीत असतं. ‘दादा गावाला गेलेत, दूध बंद करायला विसरले,’ एवढ्या एका वाक्यात प्रकरण मिटतं. जुन्या गावठाणात ही पायरीच लागत नाही. तिथे म्हातारीचं अंगण सकाळी झाडलेलं दिसलं नाही, तर आठच्या आत पुतण्याची बायको हाक मारून जाते.

मावशी सुट्टीवर असतील तर मात्र पोलिसांना, ११२वर फोन. इथे धीर धरा, कारण तो फोन हिंजवडी पोलीस ठाण्यात वाजत नाही. राज्याचं ११२चं मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे. तिथून माहिती पोलीस आयुक्तालयाकडे आणि मग तुमच्या जवळच्या गाडीकडे जाते. तेव्हा नुसतं ‘माण’ म्हणू नका. सातारा जिल्ह्यात अख्खा माण तालुका आहे, त्याचं मुख्यालय दहिवडीला. ‘मुळशीतलं माण, हिंजवडी पोलीस ठाण्याच्या हद्दीतलं’ असं म्हणा. आपला पत्ताच असा की तहसील पौडला, पोलीस आयुक्तालय पिंपरी-चिंचवडचं (तेही १५ ऑगस्ट २०१८पासून), नियोजन पीएमआरडीएकडे आणि कारभार ग्रामपंचायतीचा. संकटात सापडलेल्याने आधी आपण कुणाच्या अखत्यारीत येतो ते पाहून ठेवलेलं बरं.

फोनवर जे दिसलं तेवढंच सांगा. ‘काल सकाळपासून दार उघडलेलं नाही, बेलला उत्तर नाही, फोन वाजतोय.’ बस. ही चेष्टेची बाब नाही, म्हणून जरा गंभीर होतो. ऑक्टोबर २०१९मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट वर्थ शहरात एका शेजाऱ्याला समोरच्या घराचं दार रात्री उघडं दिसलं. घरातली माणसं ठीक आहेत ना एवढं पाहा, म्हणून त्याने पोलिसांच्या साध्या, तातडीच्या नसलेल्या नंबरवर फोन केला. अधिकाऱ्यांपर्यंत तो निरोप ‘उघडं घर’ एवढाच होऊन पोचला. आत अटाटियाना जेफरसन ही २८ वर्षांची तरुणी भाच्याबरोबर व्हिडिओ गेम खेळत होती. बाहेरच्या चाहुलीने ती खिडकीशी आली आणि अधिकाऱ्याने गोळी झाडली. आपल्याकडे गाडीतून उतरणाऱ्या हवालदाराच्या हातात बहुधा काठीच असते, हे आपलं नशीब. पण निरोप वाटेत बदलायला काठी-बंदूक लागत नाही. डी विंग पुरते.

मुलं परदेशात आणि आई-बाबा बाराव्या मजल्यावर, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ. न्यू जर्सीतल्या चिरंजीवांनी घाबरून ११२ लावला तर तो इकडे लागत नाही. लागलाच तर तिथल्या ९११ला. त्यापेक्षा पोलीस ठाण्याचा थेट नंबर आणि शेजाऱ्यांचा नंबर आधीच घेऊन ठेवावा. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या नियमांत पोलीस ठाण्याने एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठेवावी, महिन्यातून एकदा तरी त्यांना भेटून यावं, अशी तरतूद आहे. यादीत आईचं नाव घालून या. नाही तर ती भजनाला जाताना फोन चार्जिंगला लावून जाणार आणि परतते तो दारात दोन पोलीस, सेक्रेटरी आणि कुलूपवाला.

चुकलो तर गुन्हा दाखल होईल, ही भीती सोडा. भारतीय न्याय संहितेचं २१७वं कलम खोटं आहे हे ठाऊक असून माहिती देणाऱ्यासाठी आहे. घाबरट शेजाऱ्यासाठी नाही. आणि चुकीचं दारसुद्धा फुकट जातंच असं नाही. ऑगस्ट २०२०मध्ये एक माणूस जीव देण्याच्या बेतात असल्याची सूचना फेसबुकच्या आयर्लंडमधल्या कर्मचाऱ्यांनी दिल्ली पोलिसांना दिली. खात्याशी जोडलेल्या नंबरवरून पोलीस एका बाईच्या दारात पोचले. बाई ठणठणीत. पण ते खातं नवरा वापरतो आणि तो मुंबईत आहे, हे तिच्याकडूनच कळलं. मग मुंबईच्या सायबर पोलिसांनी त्याच रात्री त्याला शोधून काढलं.

शेवटी, दार उघडल्यावर काय करावं. समोर बर्म्युडा घातलेला, डोळे चोळणारा माणूस उभा असतो; मागे तुम्ही. ‘सॉरी’ फार वेळा म्हणू नये. ‘दूध फुगलंय तुमचं’ म्हणून पिशवी हातात द्यावी. पोलिसांना चहा विचारावा; ते नको म्हणतील, कारण संध्याकाळचे सहा वाजलेत आणि त्यांना मेगापोलिस सर्कलवरून परत जायचंय. कुलूप तोडलं गेलं असेल तर खर्च फोन करणाऱ्याने द्यायचा, झोपलेल्याने की सोसायटीने, यावर उपविधीत काहीच सापडत नाही. विषय वार्षिक सभेच्या पत्रिकेत, पाण्याच्या टँकरनंतर, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात घालावा. तोवर दाराला दोरी बांधून चालते.